विमा डांबर संपेपर्यंतच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या क्रीट बेटावरचा लेख वाचला. ‘विमानतळावरच गाडी भाड्याने घ्या आणि बेट पालथे घाला’ हा सल्ला योग्यच आहे. बेट सुमारे २६० किलोमीटर लांब, आणि मधल्या डोंगरांपलीकडे बसची सोय तुटपुंजी. पण गाडी घेताना माणूस कुठे अडकतो, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. पैसे जातात ते नेमके तिथेच.

आधी परवाना. ग्रीसने २०२१ मध्ये कायदा करून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या ठिकाणच्या परवानाधारकांना आंतरराष्ट्रीय परवान्यातून सूट दिली. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे न्यू जर्सीहून आलेला भाचा तिथल्या लायसनवर खुशाल गाडी चालवू शकतो, पुण्याहून गेलेल्या मामाला मात्र आयडीपी, म्हणजे हा आंतरराष्ट्रीय परवाना, लागतो. तो आपल्या आरटीओतून फॉर्म ४-ए भरून मिळतो. शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसनही सोबत हवेच. काउंटरवर कधीकधी आयडीपी न मागताच किल्ली हातात ठेवतात. त्यात खूश होण्यासारखे काही नाही, कारण अपघातानंतर विमा कंपनी तोच कागद मागते. दोघे आलटून पालटून चालवणार असतील तर दुसऱ्याचे नावही करारात घालून घ्यावे.

क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. अनामत म्हणून शेकडो युरो कार्डावर अडवून ठेवतात. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असू शकतात. ते निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून मर्यादाही वाढवावी. मशीनने रुपये की युरो असे विचारले तर युरोच निवडावा.

आता विमा. ‘फुल इन्शुरन्स’ एवढेच ऐकून सही ठोकू नये. मूळ भाड्यातल्या विम्यात नुकसानीचा पहिला हिस्सा, म्हणजे एक्सेस, आपल्याच खिशातून जातो. जादा पैसे भरून तो शून्यावर आणता येतो. तरीही टायर, काचा, आरसे आणि गाडीचे पोट यांचे कलम वेगळे वाचावे. आणि बहुतेक करारांत एक ओळ असतेच: कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान विम्यात नाही. बालोसचा तो निळाशार किनारा, ज्याचा फोटो आपण पानभर छापलात, नेमका अशाच रस्त्याच्या टोकाला आहे. कालिव्यानी गाव मागे पडले की सात-आठ किलोमीटर खडी आणि दगडगोटे. छोट्या हॅचबॅकचा ऑइल चेंबर एखाद्या दगडावर आपटतो, तेल गळते, लाल दिवा लागतो. तरी गाडी दामटली की इंजिन जाम. इंजिनासकट टोइंगचे बिलही आपलेच. त्यापेक्षा किस्सामोसच्या बंदरातून बालोसला बोट जाते, ती पकडावी. गाडी फेरीबोटीत घालून दुसऱ्या बेटावर न्यायची असेल तर लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर विम्याचा प्रश्न तिथेही येतोच.

किल्ली घेताना चारही चाकांच्या रिम, पुढची काच, बंपरची खालची कड, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर यांचा सलग व्हिडिओ काढावा. आधीचे ओरखडे कागदावर नोंदवून घेतल्याशिवाय हलू नये.

उजव्या बाजूने चालवणे वाटते तितके अवघड नाही. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरचा क्रम तोच. गिअरसाठी डावा हात दारावर आपटतो. इंडिकेटर डाव्या दांडीला असल्याने पहिल्या दिवशी वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरतात. हे सगळे तासाभरात जमते. खरी गोम वेगळीच आहे. आपल्याकडे चालक गाडीच्या उजव्या अंगाला बसतो, उरलेली गाडी त्याच्या डावीकडे असते. तिथे ती उजवीकडे असते, पण डोळा जुन्याच अंदाजाने रस्ता मोजतो आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकत जाते. म्हणून आधी जातात ते उजवा आरसा आणि उजव्या टायरच्या भिंती. मधली रेघ डाव्या खांद्याजवळ राखावी आणि शेजारी बसलेल्याने उजव्या कडेवर नजर ठेवावी. चुकीच्या बाजूला गाडी जाते ती गर्दीत नव्हे, तर सकाळी रिकाम्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना.

इराक्लिओ ते हानिया हा उत्तर किनाऱ्याचा रस्ता साधारण १४० किलोमीटरचा, बराचसा जायला एक आणि यायला एक अशा लेनचा. स्थानिक लोक निम्मी गाडी कडेच्या पट्ट्यावर घेऊन मागच्याला वाट देतात. कायद्याने ते चूक, पण रिवाज पक्का आहे. मागून कोणी चिकटलेच तर पट्टा मोकळा पाहून बाजूला व्हावे. आंधळ्या वळणावर मात्र मुळीच नाही, तिथे कोणीतरी गाडी उभी केलेली असू शकते. पाट्यांवर हानियाची रोमन स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हेची दिसतात, गाव एकच. वरंधा किंवा आंबेनळी उतरलेल्याला दक्षिणेकडच्या डोंगराळ स्फाकियाची वळणे नवी नाहीत. नियम घाटातलाच: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. फरक इतकाच की वळणापलीकडे एसटीऐवजी शेळ्यांचा कळप उभा असतो. पंपावर नोझलचे चिन्ह पाहावे: पेट्रोलचे गोलात, डिझेलचे चौकोनात.

शेवटी, लेखात सामारियाची घळही ‘गाडीने करा’ म्हटले आहे. ती ओमालोसच्या पठारावरून सुरू होते आणि सुमारे १६ किलोमीटर चालून आगिया रुमेलीला समुद्रावर संपते. त्या गावाला रस्ताच नाही, बाहेर पडायला बोट. गाडी मात्र वर ओमालोसलाच राहते. त्या दिवशी ती हानियात उभी करून पहाटेची केटेलची (तिथली एसटीच म्हणा) बस धरावी.

– एक वाचक, पुणे