सई, तुझं प्रकरण वाचून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास ते एका अर्थी बरंच झालं. त्या स्वरात बोलत राहून आपण दोघी कुठेच पोचलो नसतो. लिहिताना निदान वाक्य पूर्ण करता येतं.

मी फक्त माझ्यावरचं वाक्य वाचलं, असं तू म्हणालीस. तसं नाही. घरी आजाऱ्यांचं करणाऱ्यांवरच्या तुझ्या प्रबंधाचं हे अख्खं प्रकरण वाचलं, सोबतच्या फील्ड नोट्सही वाचल्या, काही पानं परत वाचली. ‘संशोधिकेची आई परिचारिका असल्याने काही घरांत प्रवेश सुलभ झाला’ हे वाक्य खरं आहे, ते राहू दे. त्या वाक्यानं मी अस्वस्थ झालेली नाही. प्रत्येक नोंदीखाली तू वेळ घालतेस. पहाटे दोन चाळीस, पहाटे तीन दहा. मग झोपतेस कधी?

असो. आधी प्रकरणाबद्दल.

सुरुवातीला तू स्वतःची ओळख दिली आहेस: स्त्री, अविवाहित, जात, वर्ग, शिक्षण, शहरात वाढलेली. प्रामाणिकपणे लिहिलंयस, याचा मला अभिमान वाटला. पण ती यादी एका परिच्छेदात संपते आणि पुढच्या पानांत कुठेच परत भेटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं करणाऱ्या बाईनं तुला एक सांगितलं, वडिलांचं करणाऱ्या मुलानं दुसरं सांगितलं. तिनं ते अविवाहित मुलीला सांगितलं की शिकलेल्या बाईला? त्यानं काय गाळलं, आणि तिथे तुझ्याऐवजी एखादा पुरुष बसला असता तर ते गाळलं असतं का? तुमची ती पोझिशनॅलिटी, म्हणजे विचारणारी कोण आहे आणि कुठून बघते हे सांगणं, मला वाटतं तिथे, त्या त्या मुलाखतीपाशी लिहायची गोष्ट आहे. मी वॉर्डात युनिफॉर्ममध्ये असायचे तेव्हा पेशंटचे नातेवाईक मला डोस, ताप, लघवीचं प्रमाण सांगायचे. ड्यूटी संपवून साध्या साडीत बाहेर पडले की त्याच बायका जिन्यात गाठून म्हणायच्या, “सिस्टर, आता नाही होत माझ्याच्यानं.” माणूस मी तीच होते. माझी जात, वय, शिक्षण काहीच बदललेलं नव्हतं.

तुझ्या मुलाखतीतल्या त्या काकू रेकॉर्डर बंद झाल्यावर, तू पायात चपला घालत असताना म्हणाल्या, “यांची सुटका झाली तर बरं.” हे तू नोंदवलंस, पण वापरायचं की नाही याबद्दल काही लिहिलं नाहीस. त्यांनी संमतीपत्रावर सही केली ती रेकॉर्डर चालू असतानाच्या बोलण्याला. दारातलं बोलणं त्यात येतं का, हे तू त्यांना परत जाऊन विचारायला हवंस. त्या नको म्हणाल्या तर प्रबंधातली सगळ्यात मोलाची ओळ जाईल. जाऊ दे. बघ, लागलेच मी शिकवायला. तुझ्या गाइडना हे माझ्याहून जास्त कळतं आणि तुलाही कळतं. राग मानू नकोस.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. काकूंचं ते वाक्य एका ओळीचं आहे आणि त्याखाली दोन पानं तू आहेस. ‘मी हे त्यांच्याकडून काढून घेतलं का?’ ‘मला तिथे बसायचा काय अधिकार?’ ‘माझ्या प्रबंधासाठी त्यांचं दुःख.’ हे प्रश्न एकदा विचारायलाच हवेत. रोज रात्री तेच विचारले की ती आत्मपरीक्षा राहत नाही, शिक्षा होते. आणि त्यात काकू कुठे राहिल्या? त्यांना ऐकायला गेलेली माझी मुलगी दोन पानं स्वतःचंच ऐकते आहे, तेही पहाटे तीनला.

आमच्याकडे नवीन मुलींना पहिल्यांदा नोंद करायला शिकवायचे. ‘पेशंट त्रागा करतो’ असं लिहायचं नाही. ‘पेशंटने गोळी तीन वेळा नाकारली, तोंड फिरवलं’ असं लिहायचं. त्रागा हे माझं मत झालं, तोंड फिरवणं मी पाहिलं. तूही पाहिलेलं, वाटलेलं आणि त्यावरचा विचार वेगळ्या पानांवर ठेव. तुमचा तो मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की दोन वह्या ठेवायचा ना? 1922 मध्ये ट्रोब्रिअंड बेटांवरचं त्याचं मोठं पुस्तक आलं, आणि बेटावरच्या माणसांवरची चिडचिड, एकटेपण, आजारपणाची भीती, हे सगळं ज्या रोजनिशीत होतं ती तो गेल्यावर पंचवीस वर्षांनी, 1967 मध्ये छापली गेली. तू म्हणतेस त्याने लपवलं, आणि वाचकाला ते कळायला हवं होतं. तुझं बरोबर आहे. मला त्यातलं एवढंच पटतं, की रोजनिशीला स्वतःची वही होती आणि ती मिटता येत होती.

तू इथे ठेवून गेलेल्या पुस्तकांतून मी अधूनमधून वाचते. मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दोचं वाचलं. फिलिपीन्समधले इलोंगोट लोक त्याला सांगत होते, की आपलं माणूस गेल्याच्या दुःखातून संताप येतो आणि तो संताप माणसाला शिरच्छेदापर्यंत नेतो. इतकं सरळ उत्तर त्याला पुरेसं वाटेना, म्हणून वर्षानुवर्षं तो आणखी खोल कारण शोधत राहिला. मग 1981 मध्ये फिलिपीन्समध्येच क्षेत्रकार्य करताना त्याची बायको मिशेल कड्यावरून पडून गेली. स्वतःच्या अंगात तो संताप उसळला तेव्हा त्याला त्या लोकांचं म्हणणं कळलं. तुझ्या विषयासाठी हे किती महत्त्वाचं आहे ते मला समजतं. पण मी त्या परिच्छेदात मिशेलपाशीच थांबले. तीही फील्डवरच होती. तू कड्याकपारीत नाहीस हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी तुला चार वेळा फोन केला, तो यासाठी.

आणि रोसाल्दो वाचून मला तुझी सुरुवातीची ओळखीची यादी आठवली. तीत सगळं आहे, फक्त आबा नाहीत.

सई, तू बारावीला होतीस. मागच्या खोलीत त्यांच्याजवळ रात्री तू बसायचीस, कारण मला रात्रपाळी आणि दादा तिकडे. ते नळी काढायला बघायचे, तू हात धरून ठेवायचीस आणि दुसऱ्या हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक. मी सकाळी आले की म्हणायचीस, “शांत होते.” नर्सनं चार्ट द्यावा तसं सगळं नीट सांगायचीस. स्वतःबद्दल एक शब्द नाही. शेवटच्या आठवड्यात आत्या आली तेव्हा तू... जाऊ दे, ते तुला माहीत आहे.

आता तू लोकांच्या मागच्या खोल्यांमध्ये जाऊन बसतेस आणि म्हणतेस हा विषय तुला वाचनातून सुचला. प्रबंधात काय लिहावंस हे मी सांगणार नाही. सगळं जगाला सांगायची काही सक्ती नाही. पण काकू ‘सुटका’ म्हणाल्या तेव्हा तुझ्या मनात कोण होतं, हे निदान तुला कळलेलं असू दे. नाहीतर तू त्यांना विचारत राहशील आणि उत्तर आपल्या घरातलं शोधत राहशील. दोन पानं त्यामुळेच झाली असतील. झोपही त्यामुळेच येत नसेल. मी तिथेच परत आले ना? येणार नव्हते.

बाबा पहिल्या दिवशी हट्टानं तुझ्यासोबत आले याचं तुला अजून वाईट वाटतं. ‘मी संशोधक म्हणून गेले आणि कुणाची तरी मुलगी म्हणून ओळखले गेले,’ असं तू लिहिलंयस. मानववंशशास्त्रज्ञ लीला अबू-लुघोद इजिप्तमध्ये अवलाद अली बेदुइनांकडे गेली तेव्हा तिचे वडीलही असेच सोबत गेले होते. तिलाही संकोच वाटला. पुढे तिच्या लक्षात आलं, की एकटीच आलेल्या मुलीला तिथे कुणी नीट वागवलं नसतं. वडील येऊन गेले म्हणून तिला त्या घरात मुलीची जागा मिळाली, आणि त्या जागेवरून बायकांचं जे जग दिसलं तेच तिच्या पुस्तकात आलं. कुणाची तरी मुलगी असणं हीसुद्धा तुझी जागाच आहे. तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते लिही. हे बाबांना सांगितलं तर ते खूश होतील, पण सांगणार नाही. तूच सांग कधीतरी.

आता माझं मागणं. पुढच्या फेरीला निघायच्या आधी तुझ्या बॅचमधल्या त्या शांत मैत्रिणीला समोर बसव. तुझीच प्रश्नावली, तुझाच रेकॉर्डर, संमतीपत्रही भर. तिला विचारू दे आणि तू आबांची मुख्य काळजीवाहक म्हणून उत्तरं दे. संशोधक असं करतात, हे तुझ्याच पुस्तकात वाचलं. मधल्या कुठल्या प्रश्नाला गप्प झालीस तर तो काकूंना कसा विचारायचा ते तुला कळेल. टेप कुणाला ऐकवू नकोस, मलाही नाही.

आणि तू माझी मुलाखत मागितली होतीस. देईन. पण तुला नाही, तिला. तुझ्यासमोर मी त्या रात्रींबद्दल खरं बोलू शकणार नाही. आई म्हणून तुला सांभाळत बोलेन आणि तुझ्या कामाला ते चालणार नाही. कधी यायचं ते तिला विचारून कळव. शनिवार सोडून कुठलाही दिवस चालेल.

तुझी,
आई

ता. क. नोंदी संध्याकाळीच लिहून टाक. आठवण ताजी असते आणि रात्र मोकळी राहते.