पाळी गेली, युरिक ॲसिड वाढले आणि डाळ बंद झाली

महोदय,

पन्नाशी उलटलेल्या बाईची टाच दुखू लागली की युरिक ॲसिड तपासले जाते, रिपोर्टात ६.४ या आकड्याशेजारी ठळक खूण दिसते आणि त्याच दिवसापासून तिच्या ताटातली डाळ, पालक आणि टोमॅटो बंद होतात. माझेही असेच झाले. टाचदुखीचा या आकड्याशी संबंध नव्हता हे कळेपर्यंत माझे चार महिने आमटीविना गेले होते.

पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे मूत्रपिंडे युरिक ॲसिड अधिक प्रमाणात लघवीवाटे बाहेर टाकतात. रजोनिवृत्तीनंतर हे संप्रेरक घटते आणि रक्तातली पातळी पुरुषांच्या पातळीकडे सरकू लागते. पाळी थांबल्याखेरीज स्त्रीला गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणारा संधिवात) होत नाही, असे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या सूत्रांतही नोंदलेले आहे. त्यातच या वयात चरबी पोटावर साठू लागते, इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, आणि भरपाई म्हणून रक्तात वाढलेले इन्शुलिन मूत्रपिंडांना युरिक ॲसिड धरून ठेवायला लावते. म्हणजे वाढलेला आकडा पुष्कळदा आमटीपेक्षा कमरेविषयी अधिक सांगत असतो.

कंबर मात्र कोणी मोजत नाही. माझी आजवर शिंप्यानेच मोजली आहे. आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर वा अधिक घेर, १५० वा अधिक ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), ५० पेक्षा कमी एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल), १३०/८५ वा अधिक रक्तदाब आणि १०० वा अधिक उपाशीपोटीची साखर, या पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्या तर चयापचय बिघडला आहे असे मानतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गोळ्यांनी आणि कमी मात्रेच्या ॲस्पिरिननेही युरिक ॲसिड वाढते, त्यामुळे चालू औषधांची चौकशी आधी व्हायला हवी.

शरीरात ज्यापासून युरिक ॲसिड बनते त्या, डाळी-भाज्यांतल्या प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढल्याचे मोठ्या पाहणीत आढळलेले नाही. उलट अमेरिकेत सुमारे ७९ हजार परिचारिकांची २२ वर्षे पाहणी झाली, तीत रोज साखरयुक्त शीतपेय पिणाऱ्या स्त्रियांमध्ये हा धोका स्पष्टपणे अधिक दिसला. शाकाहारी घरात डाळ तोडणे म्हणजे उतरत्या वयात स्नायूंचे प्रथिन तोडणे होय, आणि तिच्या जागी बहुधा साखरेचा चहा नि बिस्किटेच येतात. गाऊटचा झटका किंवा मूतखडा असेल तर उपचार हवेतच. परंतु कोणतीही लक्षणे नसताना केवळ आकड्यासाठी सहसा औषध देत नाहीत.

आपल्या आरोग्य पुरवणीत 'युरिक ॲसिड वाढल्यास काय टाळाल' अशी यादी पुन्हा छापायची झाल्यास तिच्या आरंभी कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर मोजण्याची सूचना द्यावी, आणि डाळ त्या यादीतून वगळावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा