पंपावरचा ओला पंचा

नेरूळ, नवी मुंबई
३ मे २०२५

तीर्थरूप आईस,
सादर नमस्कार.

इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याने महिनाअखेरपर्यंत आवारातली वाहने हलवावीत, अशी नोटीस लागल्याचे तू फोनवर सांगितलेस आणि लगेच, "गाडीचे काय ते तू ठरव, मी काही बोलणार नाही," असे म्हणून विषय बदललास. बाबा गेल्यापासून गाडीचे नाव निघाले की तू असेच करतेस, म्हणून फोन न करता पत्र लिहीत आहे. मी ठरवले आहे. आपली जुनी फियाट भंगारात द्यायची नाही आणि कव्हर घालून नुसती जपूनही ठेवायची नाही. ती चालवायची.

गेले चार रविवार मी ठाण्यात नौपाड्याला येऊन खाली काय करत होते ते तू गॅलरीतून पाहिलेस, पण खाली आली नाहीस. सव्वा वर्ष उभी राहिल्याने टाकीतले पेट्रोल नासले होते, कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, चिकट थराने बुजले होते आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबताच तडकत होत्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी शोषते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही, त्यामुळे नळ्या सगळ्याच बदलल्या. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, पॉलिश पेपरने घासून त्यांचा गॅप मात्र मीच लावला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बारावीच्या सुट्टीत बाबांनी ते काम माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतले होते की फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्टीची, पाती किती घट्ट सरकली पाहिजे, हे अजून माझ्या बोटांना ठाऊक आहे. पाती अडकायलाही नको आणि सुळकन निघायलाही नको.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनीची, म्हणजे आपल्याच जातीच्या फियाटची, काळी-पिवळी टॅक्सी उरली नाही, त्या दिवशी बाबांचा मला फोन आला होता. हळहळ वगैरे त्यांनी काही व्यक्त केली नाही. "टॅक्सी होत्या तोवर दुकानदार माल ठेवत होते, आता ठेवणार नाहीत, पंपाचा एक डायफ्राम आणून ठेव," एवढेच म्हणाले. डायफ्राम म्हणजे टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपातला पातळ पडदा. मी हो म्हटले आणि आणला नाही. फेब्रुवारीत ते गेले. या वेळी तोच डायफ्राम फाटलेला निघाला, आणि कुर्ल्यापासून खोपटपर्यंत किती दुकाने पालथी घातली याची मोजदाद नाही. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर मला तो फोन आठवत होता.

बाबांना या गाडीचे इतके अप्रूप का होते, याचा मी अलीकडे बराच विचार करते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावाने बाहेर पडू लागली, हे त्यांनी मला तलावपाळीवर फिरताना सांगितले होते. कुठे डुक्कर फियाट, म्हणजे डिलाइटच्या आधीची गोलसर फियाट, दिसली की ते थबकत आणि तिची पुढची दारे उलटी कशी उघडतात ते मला दाखवत. पण आपली गाडी काही अशी दुर्मीळ नव्हती. १९७८ ची, १९८६ मध्ये जुनी घेतलेली, १०८९ सीसीची साधी फियाट, जिला ठाण्यात कोणी कधी पद्मिनी म्हटले नाही. मला वाटते, गाडी जुनी असण्याचे त्यांना अप्रूप नव्हते. तिच्यात काय बिघडले ते उघडून पाहता येते आणि आपल्या हाताने बरे करता येते, याचे होते.

तुला १९८९ चा कसारा घाट आठवतो ना? मे महिना होता, आपण तुझ्या माहेरी नाशिकला निघालो होतो, आणि अर्ध्या चढावर गाडी आचके देत बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला होता. बाबांनी बॉनेट उघडले आणि स्टार्टरला हातही लावला नाही, कारण पंपातच पेट्रोलची वाफ झाली की पंप ओढत नाही आणि उगाच स्टार्टर मारून फक्त बॅटरी उतरते. काही न विचारता तू पिशवीतला पंचा काढलास, सुरईतल्या पाण्यात भिजवलास आणि त्यांच्या हातात दिलास. त्यांनी तो पंपाभोवती गुंडाळला. पंच्यातून वाफ निघाली, तू तो पुन्हा भिजवलास, असे तीनदा झाले. मधल्या वेळात कठड्यावर बसवून मला दशमी दिलीस. मग पहिल्याच स्टार्टरला गाडी सुरू झाली. गाडी बाबांची, असे सगळे म्हणतात, तूही म्हणतेस. मला तसे वाटत नाही. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की तू चहाचे आधण ठेवायचीस, आणि तो आवाज शेजारच्या फियाटचा आहे की आपल्या, यात तू कधी चुकली नाहीस.

२०२८ मध्ये गाडीला ५० वर्षे पूर्ण होतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे तेव्हा तिला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक घेता येईल, पण मग ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. मला ते नको. दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन नोंदणीचे नूतनीकरण करू, जसे बाबा करत. नेरूळला आमच्या इमारतीत तिच्यासाठी छताखालची जागा घेतली आहे.

पण तिथे नेण्याआधी तिला नाशिकला न्यायचे आहे आणि पुढच्या सीटवर तू हवी आहेस. येत्या रविवारी पहाटे पाचला मी खाली येते. ऊन चढायच्या आत इगतपुरी गाठू. डिकीची चावी बाबांच्या कपाटात आहे, ती काढून ठेव, आणि एक जुना सुती पंचा बरोबर घे.

तुझी,
लेक