आखाजीला का येत नाहीये

कवरत्ती, लक्षद्वीप
एप्रिलअखेर

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू काहीच बोलली नाहीस, म्हणून हे पत्र. आखाजीच्या सणाला गावातल्या सगळ्या लेकी येतील, निंबाला झोके बांधतील, आणि आपल्या घरची तेवढी नसेल. तुला लागलंय ते मला कळतंय. पण मी इथे ज्या प्रवाळांची मोजणी करते, त्यांचा अवघड काळ नेमका ह्याच दिवसांत येतो. एप्रिल-मेमध्ये इथलं पाणी सगळ्यात जास्त तापतं.

प्रवाळ म्हणजे बारीक जीवांची वस्ती. (तुझ्या अंगठीतलं पोवळं त्याच गोतातलं, पण जात वेगळी.) त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न करतं आणि त्यांना खाऊ घालतं. रंगही बराचसा त्याचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद अंशानं वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. आपण रावेरची माणसं ४५ अंशांतही केळीच्या बागेत जातो. एका अंशाचं मोल मला इथे येऊन कळलं.

पांढरं म्हणजे लगेच मेलं असं नाही. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं, तर उपासमार होते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४, एवढ्या वेळा लक्षद्वीपनं हे मोठ्या प्रमाणावर सोसलंय. गोल दगडासारखी वाढणारी जात वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. बाबा, तुमच्या उंचीची वस्ती दीडशे वर्षांहून जुनी असते. ती एका उन्हाळ्यात जाताना बघवत नाही हो.

तुम्ही विचारलंत, "नुसतं मोजून काय होतं?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. मग आपली विहीर आठवली. दर आखाजीला तुम्ही पायऱ्या उतरून पाण्याच्या पातळीवर चुन्याची खूण करता. खुणेनं पाणी वाढत नाही, पण ती बघूनच तुम्ही ठरवता, यंदा किती खोडं लावायची. आमचंही तेच आहे. तळाशी ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये ५० मीटरचा टेप ताणायचा, टेपखाली येणारं प्रवाळ जिवंत की मेलेलं, किती फिकट, ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं. दर वेळी त्याच जागी. जागा बदलली की सगळं वाया. कुठली वस्ती उष्णता सोसून उभी राहिली ते त्यातून कळतं. मग तिथे नांगर टाकू नका, मेलेल्या प्रवाळावर माजणारं शेवाळ खरवडून खाणारे पोपटमासे धरू नका, एवढं तरी पुराव्यानं सांगता येतं. समुद्र थंड करणं आमच्या हातात नाही.

इथल्या लोकांचा जीव ह्या प्रवाळांवर आहे. बेट समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. लाटा आधी प्रवाळांच्या कडेवर फुटतात म्हणून घरं टिकतात. गळानं कुपा (ट्यूना) मासा धरतात, त्याला लागणारं जिवंत आमिषही प्रवाळांच्या आसऱ्यानं वाढतं.

पाऊस लागला की समुद्र खवळतो, बुडी मारता येत नाही. तेव्हा येते, मृगबागेच्या लागवडीला. आई, सांजोऱ्या तोवर टिकणार नाहीत, मी आल्यावर पुन्हा कर.

बाबा, चुन्याची वाटी दरवर्षी मी धरायचे. यंदा आईला पायऱ्या उतरायला लावू नका, शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. आणि खूण कुठवर आली ते कळवा.

तुमची
ताई