माडीचे कॉलम भरायच्या आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही परत विचारलंत की तुझं नेमकं काम काय गं, बिल्डिंग तर बिल्डर बांधतो मग तुमची कंपनी काय करते. मी तेव्हा बसमध्ये उभी होते, त्या गर्दीत धड सांगताच आलं नाही, म्हणून आज रविवारी कोथरूडच्या रूमवर निवांत लिहितेय. शिवाय तुम्ही घरावर माडी चढवताय, त्याबद्दलही सांगायचंय.

आम्ही बांधत नाही. आर्किटेक्ट खोल्या कुठे, जिना कुठे ते काढतो आणि आम्ही ठरवतो कॉलम केवढा, त्यात किती जाडीच्या किती सळया. पहिले चार महिने मी नुसते सळयांचे तक्ते बनवले आणि दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासली, खरं सांगते, एवढं शिकून हेच का असं वाटायचं.

मग मागच्या आठवड्यात सरांनी वाघोलीच्या साइटवर पहिल्यांदा एकटीला पाठवलं. सळया मोजल्या, बरोबर होत्या, पण रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधतात त्या लोखंडी कड्यांची, टोकं नुसती काटकोनात वळवलेली. ड्रॉइंगवर 135 अंश दिलेत, आयएस 13920 मध्ये, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, पण तेच आहे, म्हणजे टोक वळून कॉलमच्या गाभ्यात गेलं पाहिजे. काटकोनातलं टोक कव्हरमध्येच, म्हणजे सळयांबाहेरच्या काँक्रीटच्या थरातच राहतं, भूकंपात कव्हर आधी फुटतं, मग रिंग उघडते, आतल्या उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम खाली बसतो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला रात्रीचं काँक्रीट बुक आहे मॅडम, आम्ही इतकी वर्षं असंच करतोय. सगळे माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, माझा घसाच कोरडा पडला. सरांना फोन लावला तर ते म्हणाले तुला काय वाटतं? म्हटलं रिंगा बदलायला हव्यात. ते म्हणाले, मग तसं लिहून दे. दिलं, खाली सही केली, रात्रीचं काँक्रीट रद्द झालं आणि दोन दिवसांनी जाऊन एकेक रिंग हात लावून बघितली.

त्या रात्री मला तुम्ही सांगता ते किल्लारीचं सारखं आठवत होतं बाबा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, विसर्जन करून लोक नुकते झोपलेले आणि दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात झोन 1 मध्ये होता, सगळ्यात कमी धोक्याचा! 2002 च्या नकाशात तो झोन 3 मध्ये आला, त्या नकाशात पुणंही त्याच झोनमध्ये आहे. आपलं घर त्याच भागातलं, म्हणजे वाघोलीत जे मी अडवलं ते आपल्या माडीला पण चालणार नाही.

म्हणून मिस्त्रींना आत्ताच सांगा, रिंगांचे हूक आत वळलेलेच पाहिजेत आणि बीमच्या जवळ रिंगा जास्तीत जास्त चार-चार इंचांवर. काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी ओतायचं नाही, आणि पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर भरल्यावर निदान 10 दिवस पाणी मारायचं. पण त्याच्याही आधी, खालचे कॉलम माडीचं वजन घेतील का ते बघावं लागेल. आई, तुझ्या लोखंडी कपाटात घराच्या कागदांच्या पिशवीत जुना नकाशा असेल, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, मी सरांना दाखवते. तोपर्यंत लोखंड आणू नका.

तुमची लेक