छाटणीच्या आधी बुंध्याकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की फांद्या छाटायची मोहीम सुरू होते, ट्रक येतो, करवत चालते, आणि वरचा डोलारा कमी केला की झाड सेफ झालं असं सगळे धरून चालतात. पण मुळापासून उन्मळून पडलेला गुलमोहर जरा जवळ जाऊन बघा, मुळं पार कुजलेली असतात, आणि त्या कुजण्याची खूण अनेकदा आधीपासून बुंध्यावर दिसत असते, फक्त खाली वाकून कोणी बघत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका गुलमोहराला आत्ता अशीच बुरशी आली आहे. जमिनीलगत, मूळ फुटतं तिथेच, पंख्याच्या आकाराची, हाताच्या पंजाएवढी, लाकडासारखी टणक, वरून लालसर तपकिरी आणि व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत, वाढती कड पांढरट, आणि खाली पेव्हर ब्लॉकवर बारीक तपकिरी पूड पडलेली. ही पूड म्हणजे तिचे बीजाणू. हिचं नाव गॅनोडर्मा. पावसात गवतात उगवून दोन दिवसांत विरून जाणारी कुत्र्याची छत्री वेगळी आणि ही वेगळी, ही बुंध्याला चिकटून टिकून राहते. बाहेर दिसते तोवर आत मुळं आणि बुंध्याचं लाकूड बरंच सडलेलं असू शकतं, आणि तरी वर पालवी हिरवीगार असते, फुलंही येतात, म्हणून लोक गाफील राहतात. ती खरवडून काढली किंवा वरून गेरू-चुना फासला तर रोग जात नाही, फक्त खूण झाकली जाते.

याच्या उलटही चाललंय, आणि मला त्याचा जास्त राग येतो. शेजारच्या एका सोसायटीत आंब्याच्या खोडावर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसले म्हणून ‘झाडाला रोग लागलाय, तोडा’ असा अर्ज निघाला. अहो ते दगडफुलाच्या जातीतलं शैवाक आहे, सालीवर नुसतं बसलेलं असतं, झाडाचं काही खात नाही! नखाने खरवडून बघा, खालची साल धडधाकट असते. आंब्याच्या पानांवरच्या काळ्या काजळीचंही तसंच, ती तुडतुड्यांच्या चिकट गोड स्रावावर वाढते, तुडतुडे सोडून नुसतं बुरशीनाशक मारत बसलं तर काजळी परत येणारच.

झाड ओळखू न येता करवत हातात देणं थांबायला हवं. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी झाडांच्या कायद्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी गणना करायची तरतूद आहे, मग त्याच गणनेत बुंध्यावर बुरशी आहे का, हातोडीने ठोकल्यावर खोड पोकळ वाजतं का, एवढे दोन रकाने वाढवायला काय हरकत आहे? आणि मुळांभोवतीचं काँक्रीट काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, आपल्याकडे मात्र बुंध्याला भिडवून ब्लॉक बसवतात, केबलसाठी खोदताना मुळं तोडतात आणि बुरशीला त्याच जखमांमधून वाट मिळते.

प्रत्येक बुरशी आलेलं झाड तोडाच असंही माझं म्हणणं नाही. जाणकाराने तपासावं, भार कमी करून भागत असेल तर तेवढंच करावं, पण खालून शाळेची पोरं जात असतील आणि मुळं गेलेली असतील तर वेळेत उतरवावं, आणि त्या जागी लगेच कडुनिंब, करंज असं काही लावावं.

आपल्या पेपरला एक विनंती, मे महिन्यात बुंध्यावरची गॅनोडर्मा आणि खोडावरचं शैवाक यांचे फोटो शेजारी शेजारी छापा. आणि वाचकांनी तक्रार करताना फक्त वरच्या झाडाचा फोटो पाठवू नये, बुंध्याचा जवळून एक, बुरशीच्या खालच्या बाजूचा एक, आणि आजूबाजूला खोदकाम झालं असेल तर त्याचाही एक पाठवावा, म्हणजे तपासणाऱ्याला निदान काहीतरी कळेल.

आपला,
एक नियमित वाचक