हाणामारी मोजून मालिका कळत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्यांसाठीच्या अ‍ॅनिमेशन मालिकांवर लेख आला. विषय घेतला याचंच आधी अप्रूप वाटलं, कारण आमच्या घरी अजूनही 'या वयात कार्टून काय बघतेस' हे ऐकावं लागतं. पण लेखात मालिकांना गुण दिलेत ते हाणामारी बघून. जिथे पात्रं नुसती बोलतात, तिथे 'संथ' असा शिक्का मारून लेखकमहाशय मोकळे.

'आर्केन'चंच घ्या. २०२१ साली नेटफ्लिक्सवर आली, एका व्हिडिओ गेमवर बेतलेली. लेकीने लावली होती आणि मी समोर मेथी निवडत अर्ध्या लक्षाने बघत होते. पहिल्या सीझनच्या सातव्या भागात एको आणि जिंक्स पुलावर समोरासमोर येतात. लहानपणचे सवंगडी, आता एकमेकांच्या जिवावर उठलेले. लढत चालू असताना मध्येच ते दोघं पोरवयातले दिसू लागतात, लुटूपुटूची लढाई खेळताना. तिची प्रत्येक चाल त्याला तेव्हापासून पाठ, म्हणूनच तो वरचढ ठरतो. तिला खाली पाडून ठोसे मारतो आणि एकदम त्याचा हात थांबतो. समोर जिंक्स नाही, जुनी पावडर दिसते; पावडर हे तिचं लहानपणचं नाव. तेवढ्यात तिच्या हातात बॉम्ब. माझी जुडी हातात तशीच राहिली. दोघांची जुनी ओळख त्यातून काढून टाका, उरते ती नुसती उडय़ाउडी.

२०२४च्या दुसऱ्या सीझनमध्ये नेमकं हेच बिघडलं. युद्ध, जादू, कटकारस्थानं, सगळं नऊ भागांत कोंबलेलं. एखाद्याचं दुःख करावं म्हटलं तर फुरसत नाही. किती तरी गोष्टी गाण्याच्या तुकड्यात उरकल्या. लक्षात राहिला तो पुन्हा सातवाच भाग. त्यात एको अशा जगात पोचतो जिथे पावडर कधी जिंक्स झालेलीच नाही, आणि दोघं नाचतात.

'बोजॅक हॉर्समन'चा 'फ्री चुरो' हा भाग २०१८चा. सुरुवातीचा छोटा प्रसंग सोडला तर घोड्याच्या तोंडाचा नट बोजॅक आईच्या शवपेटीशेजारी उभा राहून एकटा बोलतो, बाकी काही नाही. मरताना आई 'आय सी यू' म्हणाली, म्हणजे शेवटी तरी तिने आपल्याला पाहिलं, या आशेवर तो बराच वेळ झुलतो. मग ध्यानात येतं, ती आयसीयूची पाटी वाचत होती! स्वगत ऐकायला तिकीट काढून बसणारी आपण मंडळी, आणि हे आपल्याला संथ वाटावं?

लेक म्हणते, आई, तू मारामारीवर उगाच डूख धरतेस. तिने 'प्रायमल'चा पहिला भाग दाखवला. त्यात संवाद नाहीच. बायको आणि दोन मुलं गमावलेला आदिमानव, पिल्लं गमावलेली डायनासोर मादी, आणि पडदाभर रक्त. मी दोनदा मान फिरवली. पण कड्याच्या टोकाशी उभ्या त्या माणसाला गेलेली बायकोमुलं हसताना दिसतात, तिथे मान फिरवता आली नाही. तेव्हा लेकीचं म्हणणं मला मान्य आहे.

लेखकमहाशयांनी 'फ्री चुरो' एकदा परत लावावा. मोबाइल बाजूला ठेवून, आणि शक्यतो जेवताना नको.

— एक वाचक, डोंबिवली